दोर धरणाऱ्या माणसाची मिरगी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आजाराबद्दल बोलायची आता लाज वाटत नाही. मला मिरगी आहे, गोळ्या चालू आहेत, हे मी रिक्षावाल्यालाही सांगतो. टाळलं ते दुसरंच. त्या आजारात माझ्या हातून जे झालं ते, आणि त्यानंतर पूर्ण शुद्धीत असताना मी जे केलं ते.

मागच्या वर्षी मुलीला, वैशालीला, सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात उभी होती. ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, "बाबा, माह्या लग्नासाठी केलं असं लिहू नका. लिहायचं तं तुमच्या नावानं लिहा." त्यानंतर काही आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं बरोबर होतं. म्हणून माझ्या नावावर लिहितो आहे.

काम

मी आणि रशीद अकोल्यात झाडं छाटायचो. घरावर आलेली, तारांत शिरलेली, वाऱ्यात टिनावर घासणारी फांदी काढून द्यायची. झाड मुळासकट पाडणारे वेगळे. ते बुंध्याला मशीन लावतात आणि मोकळे होतात. आम्हाला झाड उभं ठेवून नको तेवढंच काढायचं असे, आणि खाली कुणाची तुळस, कुणाची गाडी, कुणाची कंपाउंडची भिंत. आमचा मालक कुणी नव्हता. बोलावणं आलं तर काम, नाही तर घरी बसून करवतीला धार लावायची. मे महिन्यात काम सर्वांत जास्त, कारण पावसाच्या आत सगळ्यांना फांद्या काढून हव्या असतात, आणि अकोल्याचा मे कसा असतो ते तिथल्याला सांगायला नको. वर मुंगळे, मधमाश्या, तारा. खाली सावलीत खुर्ची टाकून बसलेला घरमालक: "अजून थोडी काढा ना भाऊ, थे डावीकडची."

मोठी फांदी दोरावर उतरवावी लागते. वरचा माणूस फांदीला दोर बांधतो आणि दुसरं टोक त्याहून वरच्या बेचक्यातून खाली टाकतो. खालचा माणूस ते बुंध्याला वेढे देऊन धरून ठेवतो. वरून हाक येते, "संभाल!" खालून "हाव" आल्याशिवाय करवत चालवायची नाही. फांदी तुटली की दोरावर लटकते आणि खालचा तिला सावकाश सोडत जमिनीवर आणतो. त्याची मूठ सुटली तर फांदी फिरून वरच्याच्याच अंगावर येते.

वर कोण जाणार हे झाडावर ठरायचं. निंब, गुलमोहर, बदाम असला की मी. पिंपळ, उंबर, वड असला की घरमालक मला बाजूला घेऊन हळूच म्हणायचे, "त्या मुसलमान भाऊले चढवा. आपल्याले नको थे पाप." रशीदला ते ऐकू यायचंच. तो कमरेचा दोर आवळत म्हणायचा, "पाप मेरे सर पे डालो साब, चाय तो पिलाओ." चहा यायचा. त्याच्यासाठी स्टीलच्या पेल्याऐवजी कागदी कप यायचा, तेही त्याला दिसायचं. त्यावर तो विनोद करत नसे.

त्याच्या गाठीला तोड नव्हती. फांदी कितीही जड असो, त्याने बांधलेली गाठ कधी केसभर सरकली नाही. फांदी खाली आल्यावर ती सोडवताना माझी नखं दुखायची, आणि तो वरून ओरडायचा, "क्या भाऊ, मेहंदी लगाई क्या हाथ को?"

जळका वास

आजार आला तेव्हा आजारासारखा आला नाही. अचानक जळक्या शेंगदाण्यासारखा वास यायचा, आजूबाजूला काही जळत नसताना. मग थोडा वेळ मीच गायब. झोप नाही, चक्कर नाही. मधला तुकडा कुणी कापून नेल्यासारखा. एकदा मी गुलमोहरावर होतो. भानावर आलो तेव्हा करवत हातात तशीच होती आणि खालून रशीदचा आवाज येत होता, "भाऊ! सो गए क्या उपर?" मी हसून घेतलं. उन्हानं झालं म्हणालो.

घरी बायकोच्या, सुमनच्या, लक्षात आलं. जेवताना मी तोंडात घास नसतानाही चावत बसायचो आणि बोटांनी सदऱ्याचं बटण चाचपायचो. "अवो, मी तुमच्याशी बोलून राहिली ना," ती म्हणायची. मी म्हणायचो, ऐकून राहिलो. काय ऐकलं ते सांगता यायचं नाही.

मग एका सकाळी अंगणात मोठा झटका आला. मला त्यातलं काही आठवत नाही. नंतर कळलं की शेजाऱ्यानं नाकाला चप्पल लावली, दुसऱ्यानं दातांत चमचा घातला आणि माझा पुढचा दात त्यातच गेला. शुद्धीवर आलो तेव्हा धोतर ओलं होतं आणि वैशाली दाराच्या मागे उभी राहून रडत होती. तिला पाहायला पाहुणे यायचे होते.

अमरावती

अकोल्यात डॉक्टर होते. पण दवाखान्याच्या बाकावर ओळखीचं माणूस भेटणारच, म्हणून आम्ही अमरावतीला गेलो. तिवशाला बहिणीकडे जातो असं गल्लीत सांगितलं. त्या आजारपणातलं ते पहिलं खोटं.

दुसरं खोटं मी डॉक्टरांशीच बोललो. त्यांनी विचारलं, काम काय करता? मी म्हणालो, मजुरी. झाडाचं सांगितलं तर काम बंद करायला लावतील ही भीती. त्यांनी डोक्याला तारा लावून तपासणी केली, त्या मोठ्या नळकांड्यात घालून फोटो काढला. तिथे इतका ठोकल्याचा आवाज होतो की मला वाटलं कुणी पत्र्यावर फांदी आपटतं आहे. मग समोर बसवून त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. मेंदूत जुन्या माराचा एक व्रण आहे, तिथून हे उठतं. ही मिरगी आहे. बाहेरबाधा नाही, कुणाचा शाप नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. उंच चढायचं नाही, विहिरीवर, आगीजवळ एकटं जायचं नाही, गाडी चालवायची नाही.

सुमनने विचारलं, "बरं होते ना साहेब?" ते म्हणाले, ताब्यात राहते. दोन्हींतला फरक तिला कळला. तिने पदर तोंडाशी धरला आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

काही दिवस वॉर्डात राहिलो. पहाटे फिनाईलचा वास, मग चहाची किटली, मग सिस्टर नावं पुकारायच्या. केसांत लावलेला चिकट लेप धुवून जात नव्हता. सगळ्यात मोठी भीती झोपेची होती; डोळे मिटले की पुन्हा धोतर ओलं होईल आणि समोरच्या खाटेवरचे लोक पाहतील. त्या वॉर्डात झाडू मारणारी एक मावशी होती. तिने सुमनला खाली चटईवर आडवं करून दाखवलं. "असं कुशीवर करायचं माणसाले. तोंडात काहीच घालायचं नाई, चप्पल नाई, कांदा नाई. हात धरून नाई ठेवायचे. बाजूला बसून राहायचं, थांबते." सुमनला त्या दिवसांत मिळालेली खरी मदत तेवढीच. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी मिरगी आहे त्यांनी मावशीचं म्हणणं लक्षात ठेवावं. आणि झटका लवकर थांबला नाही तर दवाखान्यात न्यावं.

बाजूच्या भागात बायकांच्या खाटा होत्या. तिथे परतवाड्याकडची एक मुलगी होती, लग्न होऊन वर्ष झालं नसेल. सासरी झटका आला आणि नवऱ्याने बापाला फोन करून घेऊन जायला सांगितलं होतं. दुपारी भेटायची वेळ झाली की ती बापाला विचारायची, "थे आले काय?" बाप म्हणायचा, येतील. आम्ही होतो तोवर कोणी आलं नाही.

सुटी मिळाली त्या दिवशी एसटी स्टँडवर सुमन म्हणाली, "कोणालेच सांगायचं नाई. पोरीचं होऊ द्या आधी." तिचं बोलणं संपायच्या आतच मी हो म्हटलं. तिला दोष नाही. ती बोलली नसती तरी मी तेच केलं असतं.

खाली

रशीदला सांगितलं की गुडघा गेला. तो खोखो हसला. "घुटना? भाऊ, चेहरा पचास का और घुटना अस्सी का?" मग गंभीर झाला. "ठीक आहे. तुमी खाली राहा. निंब हो, पिंपळ हो, उपर मैं जाता."

डॉक्टरांनी चढू नका म्हटलं होतं, मी चढणं सोडलं. मला वाटलं, मी आज्ञा पाळली. खाली जमिनीवर उभा आहे, पडलो तर फार तर गुडघे फुटतील. पडेन तो मी, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्याचा जीव ज्या दोरावर आहे तो दोर मी धरतो, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, कारण मी त्यांना मजुरी सांगितली होती. मला मात्र ठाऊक होतं. तरी आजार म्हणजे माझं पडणं, यापलीकडे माझा विचार गेला नाही. आज मिरगीचं कोणी भेटलं की मी पहिलं हेच विचारतो: तुमच्यासोबत काम करणाऱ्याला सांगितलं काय? आई-बापाले नंतर सांगा, त्याले आधी सांगा.

गोळ्यांनी झोप यायची, हात थरथरायचे, हिरड्या सुजल्या. दुपारची गोळी घेतली की दोर धरताना डोळे जड व्हायचे. काही महिने झटका आला नव्हता. मग मी दुपारची गोळी बंद केली. कोणाला विचारलं नाही. सुमन डब्यात पुडी द्यायची, ती मी वाटेत टाकून द्यायचो. रशीदचा जीव जपायला झोप नको, असं मी स्वतःला सांगत होतो.

पिंपळ

एका कॉलनीत घरामागच्या भिंतीत उगवलेला पिंपळ मोठा होऊन स्लॅबवर आला होता. एक जाड फांदी काढायची होती. रशीद वर. चेन-मशीन बंद पडली होती म्हणून हातकरवत. त्याने दोर बांधला, ओढून पाहिला, मी बुंध्याला वेढे दिले. ऊन होतं. घरमालक पुढच्या अंगणात फोनवर बोलत होते.

मग शेंगदाण्याचा वास आला.

त्यापुढचं मला आठवत नाही. रशीद नेहमी सांगायचा, "मैंने संभाल बोला, भाऊनं हाव म्हटलं, तब मैंने काटा." मी म्हटलंही असेल. झटका सुरू होताना माणूस सवयीचे शब्द बोलतो, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. भानावर आलो तेव्हा मी उभाच होतो. बोटं सदऱ्याच्या बटणाशी खेळत होती. दोर पायाशी पडला होता आणि वरून असा आवाज येत होता जो मी माणसाचा म्हणून ओळखला नाही. फांदीचं बूड फिरून आलं होतं आणि रशीदचा उजवा हात त्याच्या आणि खोडाच्या मध्ये चिरडला होता. फांदी पुढे खाली कोसळली होती. तो कमरेच्या दोरावर लटकत होता.

शेजारी रंगकाम चालू होतं. ते लोक शिडी घेऊन धावले, त्यांनीच त्याला उतरवलं. रिक्षात घालताना घरमालक मला म्हणाले, "तुमी बसा ना सोबत!" मी म्हणालो, सामान गोळा करून येतो.

ते गेले. मी फांदीपाशी गेलो. गाठ जशीच्या तशी होती. इतकी आवळलेली की दोर सालीत रुतला होता. ती तशी राहिली तर कोणीही पाहून सांगितलं असतं की फांदी गाठीमुळे नाही, खालून सुटली. मी नखं लावली. सुटेना. मग खाली वाकून दातांनी सोडली. तोंडात पिंपळाचा चीक आणि धूळ आली. झटक्यानंतर माणूस भ्रमात असतो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. भ्रमातला माणूस वाकून दोन्ही बाजूंना कोणी आहे का ते पाहत नाही. मी पाहिलं होतं.

दवाखान्यात सगळे विचारत होते, कसं झालं? मी म्हणालो, "गाठ सरकली."

बाही

कोपराखालचा हात काढावा लागला. रशीदची बायको, शमीम भाभी, दवाखान्याच्या जिन्यात बसून होती. घरमालकाच्या घरचे म्हणाले, पिंपळाने घेतलं. दुसरे झाडवाले म्हणाले, त्याची गाठ सुटली. दोन्ही बोलणी गावभर फिरली. माझ्यापर्यंत कोणी आलं नाही.

त्यानंतर माझे झटके वाढले. आता मी गोळ्या वेळेवर घेत होतो, पण झोप लागत नव्हती आणि झोप नसली की हा आजार उसळतो. घरात बाथरूमची कडी काढून टाकली. सुमन भाकरी करताना दर घडीला मागे वळून मला पाहायची. एकदा चिडून म्हणाली, "मी काय तुमच्यावर पहारा देत राहू जन्मभर?" आणि मग स्वतःच रडली. मी तिलाही गाठीचं सांगितलं नव्हतं.

वैशालीचं लग्न झालं. रशीद आला होता. उजवी बाही दुमडून टाचणी लावलेली. डाव्या हाताने त्याने अक्षता टाकल्या, आणि जेवताना डाव्या हाताने वरण सांडलं म्हणून भाभीकडे पाहून ओशाळला.

हात नसला तरी त्याला दुसऱ्यांना शिकवून, खाली उभं राहून काम चालवता आलं असतं. त्याने तसं करून पाहिलं. पण ज्याची गाठ सुटली त्याच्या शब्दावर कोण वर चढणार? शेवटी तो अकोटला मेहुण्याच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन बसला.

पुढे माझी औषधं बदलली आणि झटके थांबले. डोकं मोकळं झालं तेव्हा मी ठरवलं, जाऊन सांगायचं. अकोटच्या एसटीत सगळ्या वाटेने वाक्य जुळवत होतो. दुकानात तो हवेच्या मशीनजवळ बसला होता. मला पाहून इतका आनंदला की उठताना पाना पडला.

"आओ भाऊ! चाय बोलतो. कागद के कप में पिओगे ना?" स्वतःच हसला.

थोड्या वेळाने म्हणाला, "तुमने मेरी इज्जत रखी भाऊ. दूसरा कोई रहता तो बोलता, इसकी गलती है. तुमी गाठ सरकली एवढंच बोलले, माझं नाव कोणाजवळ नाई घेतलं."

मग त्याने कोपऱ्यातला दोर घेतला. एका हाताने आणि दातांनी दुकानाच्या खांबाला तीच गाठ बांधली. पाय खांबाला लावून ओढली. पुन्हा ओढली. "देखो. कहाँ से सरकी होगी? मैं रोज बांध के देखता. समझ में नहीं आता. तुमी तं खाली होते भाऊ, तुमाले काही दिसलं काय?"

त्याने मला सरळ विचारलं होतं. यापेक्षा सोपी जागा मला कधी मिळणार नव्हती. मी चहाकडे पाहून म्हणालो, "होते कधी कधी."

तो मान हलवत म्हणाला, "हाँ. होता होगा." आणि गाठ सोडून दोर गुंडाळून ठेवला.

शेवटची भेट

साखरेने त्याच्या किडन्या गेल्या. अकोल्याला भरती केलं आहे असं भाभीचा फोन आला. मी दुपारी गेलो. मुलगा, सून, भाभी खाटेभोवती उभे होते. तोंडावर मास्क, डोळे उघडे. "बोलो भाऊ," भाभी म्हणाली, "सुनते हैं वो. जवाब नहीं दे सकते."

मी स्टूल ओढून बसलो. त्याचा डावा हात हातात घेतला. दोराचे जुने घट्टे अजून होते. म्हणालो, "रशीद, त्या दिवशीची गाठ..."

त्याने हात सोडवून घेतला आणि माझ्या मनगटावर हळूच थोपटलं. एकदा, मग परत. भाभीने अर्थ सांगितला. "बोल रहे, जाने दो. भूल जाओ." त्याला वाटलं, मी त्याची चूक काढतो आहे आणि माफ करतो आहे. तो मला त्यातून मोकळं करत होता.

तेव्हाही वेळ होती. मुलगा समोर होता, त्यालाही ऐकायला हवं होतं. माझं तोंड उघडलं होतं. सिस्टर म्हणाली, भेटायची वेळ संपली. मी उठलो आणि म्हणालो, "उद्या येतो." सकाळी फोन आला.

मला म्हणायचं होतं ते पाठ होतं. "रशीद, तुही गाठ सरकली नव्हती. थे मी दातानं सोडली. मले मिरगी होती अन् मी तुले सांगतलं नाई. दोर माह्या हातातून सुटला. तुह्या बांधण्यात त्या दिवशी काहीच चूक नव्हती, कधीच नव्हती." माफ कर, हे शेवटी म्हणायचं ठेवलं होतं.